भिंतीआधी दार

आमच्या प्लॉटावर घर नव्हतं, पर दार व्हतं. म्हंजी नुसती चौकट. बाभळीच्या लाकडाची, वरच्या पट्टीवर गनपती कोरलेला, खाली उंबरा, उंबऱ्याला हळदीकुंकू, डोक्यावर आंब्याचे डगळे बांधलेले. आन् तिच्या चारी अंगाला मोकळं रान. कुत्रं इकडून यायचं, तिकडून जायचं. वाऱ्याचं तर इचारूच नका.

ही अक्कल माजी. दुसऱ्या कुनाची असती तर मी आजपतूर हसत बसलो असतो. आपली हाय म्हनून सांगायची येळ आली.

मी ऊसतोड्या मानूस. शाळंत गेलतो, पर शाळा माज्यात आली न्हाई. लगीन झाल्यापासून दर सालाला दसरा-दिवाळी झाली की आमी दोघं नवराबायको टोळीसंगं ट्रकात बसतो, कारखान्याच्या भागात जातो, फडात ऊस तोडतो आन् ऊन तापलं की माघारी येतो. आमच्यात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हनत्यात. बायको संगं नसली तर गडी अर्धा कोयता. मी तर बायको संगं असूनबी अर्धाच हाय, पर मुकादमाला ते अजून कळलं न्हाई. कारन मोळी तीच बांधती, डोक्यावर तीच घेती, आन् ट्रकाच्या फळीवरून वर तीच चढती. मी खाली उभा ऱ्हाऊन "जपून गं" म्हनतो. ह्या कामात माजा हात धरनारं कुनी न्हाई.

मागल्या खेपंला माघारी येताना ट्रकात ती माज्या शेजारी बसलती. एकदम म्हनली, "आवो, पुढल्या सालाला माज्यानं व्हायचं न्हाई. कंबर गेली माजी. शेरातल्या प्लॉटावर चार भिंती घाला, वर पत्रे टाका. मी तिथं ऱ्हाईन. पर दारात नळ पायजे. जिंदगी गेली लोकाच्या हिरीवर आन् कॅनॉलावर पानी भरून."

मी म्हन्लं, "आन् न्हाई झालं घर तर?"

"तर येईन की. जाते कुटं?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडनात मी हारतो आन् मोकळा व्हतो. पर ही आपली 'येईन की' म्हनली आन् ट्रकाच्या कडीला धरून झोपी गेली. ते 'येईन की' माज्या टकुऱ्यात बसलं ते बसलंच.

प्लॉट म्हंजी शेराच्या कडंला दीड गुंठा जागा. तिच्यावर गाजरगवताचं पीक लई जोमात यायचं. मला वाटलं, इटा आनायच्या, गवंडी सांगायचा, झालं घर. पालिकेत नळाचं इचारायला गेलो तर खिडकीतल्या बाई म्हनल्या, "बांधकाम परवाना आहे का?"

मी म्हन्लं, "घर माज्या जागंत, परवाना कुनाचा?"

"काका, नळ आमचा ना?"

खरंच की. नळ त्यांचाच व्हता.

परवान्यासाठी आधी इंजिनेर गाठावा लागतो. त्यो नकाशा काढतो, कागद लावतो, मग पालिकेचा सायेब जागा बघून जातो, मग परवाना. इंजिनेर पोरसवदा, लई गोड बोलायचा. त्यानं इचारलं, "रस्ता कुठल्या बाजूला?" मी म्हन्लं दक्षिनंला. त्यानं चार दिसांनी मला नकाशा दाखवला. मी कागद हातात धरून लांबून बघितला, जवळून बघितला, मान हालवली आन् म्हन्लं, "लई भारी! असंच पायजे."

इंजिनेर म्हन्ला, "काका, कागद उलटा धरलाय."

मी म्हन्लं, "उलटाच इतका भारी दिसतोय, तर सुलटा कसा असंल!"

पर सुलटा करून मी काय बघितला न्हाई. इंजिनेर सांगत व्हता, घर मधी हाय, चारी बाजूंनी एवढी एवढी जागा मोकळी सोडायची हाय, दार रस्त्याकडं हाय. मी मान हालवत व्हतो आन् मनात नळ बघत व्हतो. शेवटाला त्यो म्हन्ला, "परवाना येईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही."

तेवढ्यात आखाड जवळ आला. आमच्यात आखाडात नवं काम काढत न्हाईत. मी हिशेब केला, आखाड गेला की पाऊसकाळ, मग पित्रपाट, मग दसरा, आन् दसरा झाला की ट्रक दारात. आता मुहूर्ताचं काम करून ठिवलं तर घर चांगल्या येळंला सुरू झालं असं व्हईल, मग परवाना येऊ द्या कवाबी. आन् आमच्याकडं चौकट बसवनं म्हंजी बांधकाम न्हाई, ती पूजा हाय. पूजंला कोन परवाना मागतंय?

हे डोकं मी माज्या मेहुन्याजवळ चालवलं. माजा मेहुना म्हंजी असा गडी, की ज्याला समदं येतं आन् कामाच्या येळंला त्यो सापडत न्हाई. त्यो म्हन्ला, "दाजी, दार कुनीकडं धरलंय?"

"रस्त्याकडं. दक्षिनंला."

त्यानं तोंडातली तंबाखू थुकली. "दक्षिनंला? यमाचं तोंड हाय ते! माजी बहीन तिथं एकटी ऱ्हानार आन् तुमी यमाकडं दार करताव? पूर्वेला करा."

पूर्वेला शेजाऱ्याचा म्हशीचा गोठा. म्हंजी दार उघडलं की समोर म्हैस. मी म्हन्लं, "आरं, पर जायचं कुटून?"

"लक्षुमी येनार हाय का तुमी जानार हाव?"

हे मला पटलं. मला कुनाचंबी पटतं, एवढाच माजा दोष न्हाई, पर हा मोठा हाय.

मग आखाड लागायच्या आत आमी चौकट उभी केली. प्लॉटाच्या पार कडंला, गोठ्याला लागून. गवंडी म्हन्ला जरा उथळ खांदा. मी म्हन्लं, "आपलं काम पक्कं असतंय," आन् दोन्ही खड्डे असे खोल खांदले की चौकट आत बसवली तवा ती माज्या कपाळापतूर आली. मी तर बुटका. बाकीच्याला वाकल्याबिगर गत नव्हती. मेहुना म्हन्ला, "बरं झालं. देवासमोर मानूस वाकलाच पायजे."

बायकोनं पूजा केली. दुधाचं बोट लावलं, नारळ फोडला. पुरनपोळ्या केल्या, गल्ली जेवली. आन् बगा गंमत, चारी अंगाला मोकळं असून समदी मानसं त्या चौकटीतूनच आत आली. वाकून, पाया पडून. आत म्हंजी कुटं, तर गाजरगवतात. माजा एक जुना दोस्त हाय, त्यानं उंबरा ओलांडला, पलीकडं गेला, पुना माघारी आला आन् म्हन्ला, "कावून बे, सैपाकघर कुटंय?"

मी म्हन्लं, "तू सैपाकघरातच उभा हायस. चुलीवर पाय देऊ नको."

लोक हसले. मीबी हसलो. मला वाटलं घर झालंच.

मग पालिकेचे सायेब जागा बघायला आले. संगं इंजिनेर. सायेब रस्त्याकडून आले, सरळ प्लॉटात पाय ठिवायचा तर त्यांनी चौकट बघितली. कुंकू बघितलं. आन् त्यो एवढा मोठा मानूस गोठ्याला वळसा घालून आला, पायातले बूट काढले, उंबऱ्याला हात लावला, आन् आत येताना वरच्या गनपतीवर डोकं आपटलं. असा आवाज आला की म्हशीनं मान वर केली.

सायेब कपाळ चोळत म्हन्ले, "ह्याला परवानगी कुणी दिली?"

माज्या तोंडातून निघून गेलं, "ज्यानं आता तुमाला टेंगूळ दिलं त्यानं."

इंजिनेरनं डोळे मिटले.

सायेब तसे चांगले व्हते, हसले. पर काम ते काम. त्यांनी नकाशा उघडला, सुलटा धरला आन् मला बोटानं दाखवलं. "हे तुमचं घर. हे रस्त्याकडचं दार. ही बाजूला मोकळी सोडायची जागा. आणि ही तुमची चौकट, बरोबर ह्या मोकळ्या जागेत. ही काढून घ्या, मी परत येऊन बघतो, मग फाईल पुढं जाईल."

आता खरं तर एवढंच काम व्हतं. चौकट उपटायची. पर गल्ली जेवलेली, दोस्तापुढं फुशारकी मारलेली, आन् माज्या मनात एक भ्याव, की पुजलेला उंबरा हालवला आन् उद्या काय बरंवाईट झालं तर? हे सायेबाला कसं सांगायचं? मिशा असलेला गडी मी. मग मी आपलं नेहमीचं हत्यार काढलं.

"सायेब, मी आत्ता काढली असती. पर घरातली बाई ऐकायची न्हाई."

त्या दिसापासून माजी पालिकंत चक्कर सुरू झाली. कवा सायेबाकडं, कवा खिडकीतल्या बाईकडं. दर बारीला मी तेच गाऱ्हानं सांगायचो. बाई लई देवभोळी हाय. बाई म्हनती उंबरा हालला तर मी जीव दीन. बाई चौकटीजवळ बसून ऱ्हाती. एकदा तर मी सांगितलं, बाईच्या अंगात येतं. खिडकीतल्या बाई म्हनल्या, "अगोबाई! मग तुम्ही कसे राहता हो त्यांच्यासोबत?" मी म्हन्लं, "सोसतो आता."

आन् घरी जाऊन काय सांगायचो? "सायेब लई आडमुठा हाय. चौकट काढा म्हनतो. मी तोंडावर सांगितलं, जीव गेला तरी काढनार न्हाई."

ती भाकरी थापता थापता म्हनायची, "हं."

मला वाटायचं, तिला माजं कौतुक वाटतंय.

असं करता करता पित्रपाट आला. मुकादमाचा फोन आला. "काय रं, औंदा कोयता पुरा का अर्धा?" मी म्हन्लं, सांगतो. दुसऱ्यांदा आला, तवाबी सांगतो म्हन्लं. तिसऱ्यांदा मी फोन उचललाच न्हाई, खिशात वाजू दिला.

तवा आमी शेरातच बहिनीच्या खोलीत ऱ्हायचो. एक दिवस दुपारी पालिकंतून आलो तर बायको अंगनात बसलेली. तिनं माळ्यावरचं बोचकं काढलतं. कोपीच्या चटया उन्हात टाकल्या व्हत्या. फडावर गेलं की आमी चटया आन् बांबूची कोपी करून ऱ्हातो, त्या चटया. कुटं उंदरानं खाल्लेलं तिथं ती सुतळीनं शिवत व्हती. शेजारी दोन्ही कोयते, धार लावलेले. माजाबी आन् तिचाबी. कंबरंला फडकं करकचून बांधलेलं.

मी म्हन्लं, "हे कशाला काढलं आत्ता?"

ती म्हनली, "दिस जवळ आले."

बस. माज्यावर न रागावता, न डोळे काढता. मला काय तरी इनोदी बोलायचं व्हतं. तोंडबी उघडलं. पर काय आलंच न्हाई, तोंड तसंच मिटलं. माज्या आयुष्यात हे पयल्यांदा झालं आसंल.

दुसऱ्या दिशी ती म्हनली, प्लॉटावर जाऊ, गवत लई माजलंय, लोक नावं ठिवत्यात. आमी गेलो. ती इळ्यानं गवत काढत व्हती आन् मी सावलीला, गोठ्याच्या भिंतीला टेकून, इळा कसा धरावा ते तिला सांगत व्हतो. तेवढ्यात रस्त्यावर फटफटी थांबली. पालिकेचे सायेब. पलीकडच्या गल्लीत दुसरा प्लॉट बघायला चाललते, आमाला बघून थांबले.

मी काय केलं आसंल? मी म्हशीमागं गेलो.

सायेब आत आले. चौकटीतूनच, पर ह्या खेपंला लई खाली वाकून. बायकोनं पदर घेतला. सायेब जरा लांबच उभे ऱ्हायले. अंगात येतं असं ऐकलेलं ना त्यांनी. म्हन्ले, "बाई, तुमची हरकत आहे म्हणे."

"कशाची?"

"ही चौकट हलवायला."

"माजी?" तिनं इळा खाली ठिवला. "मला कवा कुनी इचारलं?"

"तुमचे मालक तर रोज सांगतात. घरातली बाई ऐकत नाही."

ती म्हनली, "सायेब, घरच न्हाई तर घरातली बाई कुटून आनली ह्यांनी?"

म्हशीमागं मला घाम फुटला. म्हैस शेपटी हानत व्हती, ती माज्या तोंडावर बसत व्हती, आन् मला वाटलं बसू दे, बरूबर बसतीया.

"आवो!" बायकोनं हाक मारली. "या बाहीर. पाय दिसत्यात तुमचे."

मी आलो. सायेब माज्याकडं बघत व्हते, तोंडावर हात धरून. मला वाटलं आता ती मला धुवून वाळत घालनार. पर ती सायेबालाच सांगाया लागली, साधं, जसं शेजारनीला सांगावं.

"सायेब, आमी फडावर कोपीत ऱ्हातो. एक फड सरला की कोपी मोडायची, गाडीत घालायची, दुसऱ्या फडावर पुना बांधायची. एका सालात किती येळा मोडते मी. तिलाबी दार असतंय. त्याच्या म्होरल्या दगडाला मी कुंकू लावते. मोडताना पाया पडते, चुलीचा एक दगड संगं घेते, आन् नव्या जागी त्योच दगड पयला मांडते. मग देव काय जुन्या फडात बसून ऱ्हातो का? येतो की आमच्या संगं ट्रकात." मग माज्याकडं बोट करून, "ह्यांच्यापेक्षा लवकर चढतो."

सायेबांनी वाकून उंबऱ्याकडं बघितलं. मग म्हन्ले, "आणि दार दक्षिणेला चालेल?"

"रस्ता जिकडं तिकडं दार. न्हाई तर काय म्हशीची परवानगी काढून जाऊ रोज?"

मी म्हन्लं, "अगं, तुजा भाऊच म्हनला, यम..."

"यमाला यायचं तर त्यो गोठ्यातूनबी येईल. भावाला म्हनावं, खांदायला ये."

भाऊ आला न्हाई. त्याचा फोन बंद. चौकट मलाच उपटावी लागली. आता कळलं का, मी खड्डे केवढे खोल खांदलते? पार दिवस गेला. दगडं, मुरूम, वर माजं स्वताचं पक्कं काम. गल्ली बघाया गोळा झाली. तीच गल्ली, पुरनपोळ्या खाल्लेली. दोस्त म्हन्ला, "कावून बे, घर फिरवतोस का?" मी म्हन्लं, "आमचं घर हलकं हाय. तुझ्यासारखं बसून न्हाई ऱ्हात."

चौकट निघाली तशी बायकोनं उंबऱ्याखालचा एक दगड काढला, पदरात घेतला, पाया पडली. मग म्हनली, आडवी नेऊ नका, उभीच न्या. मग चौघांनी ती उभी उचलली, म्होरं ती दगड घेऊन, आन् माप घेतल्यासारखा मी मधी, चौकटीच्या आत. दोस्त म्हन्ला, भिंतीवरल्या फोटोसारखा दिसतोस, नुसता हार ऱ्हायलाय, जनू तूच गेलास. शेजाऱ्यानं परवाना येईपतूर चौकट गोठ्यात ठिवायला जागा दिली. म्हशीला घरबसल्या गनपती मिळाला. त्या हप्त्यात तिनं दूध जास्ती दिलं असं शेजारी म्हनतो. पर त्यो दूध इकनारा मानूस, त्याचं काय धरायचं.

सायेब येऊन रिकामी जागा बघून गेले. परवाना दसऱ्याच्या तोंडाला आला. इंजिनेरनं मोबाईलात दाखवला. मी म्हन्लं, ह्याला कुंकू कुटं लावू?

मग इटा, मग गवंडी. ह्या खेपंला गवंडी म्हन्ला उथळ खांदा, तर मी हातच लावला न्हाई, लांब उभा ऱ्हायलो. चौकट रस्त्याकडं बसवली. बायकोनं पदरातला दगड आधी खाली ठिवला, वर उंबरा. भिंती काय समद्या झाल्या न्हाईत. एक खोली वरपतूर चढली, तिच्यावर पत्रे टाकले. बाकीचं गुडघ्याएवढं. पालिकेची मानसं येऊन नळ देऊन गेली. धार बारीक, उसाच्या पाचटाएवढी, पर दारात.

मुकादमाला मी सांगितलं, औंदा अर्धा. माजी जोडी त्यानं मेहुन्यासंगं लावली. आता मोळी बांधायची कुनी आन् उचलायची कुनी, ह्याचा निवाडा फडावरच व्हनार व्हता. मेहुना म्हन्ला, "दाजी, मी खाली उभा ऱ्हाऊन 'जपून' म्हनतो." मी म्हन्लं, ती जागा भरलेली हाय.

दिवाळी सरली आन् एका सकाळी ट्रक आला. रस्त्यावर पॉंपॉं चाललेलं, ट्रकात समदी टोळी, दोस्त वरून वरडतोय, "आरं ये की बे!" मी बोचकं खांद्यावर टाकलं आन् घाईत बाजूच्या गुडघाभर भिंतीवरून टांग टाकून भाईर पडलो.

"आवो!" मागून हाक आली. "दारातून जावा."

ट्रकातली समदी हसली. मी माघारी फिरलो, पुना टांग टाकली, आत आलो. ती नळापाशी बसलती, घागर लावून. मी चौकटीपाशी गेलो आन् सवयीनं खाली वाकलो, कमरंतून, पार सायेबासारखा.

"वाकू नका," ती म्हनली. "आता उंच हाय."

मी वाकूनच गेलो. ती मागं हसत व्हती. ट्रकात चढलो, जागा केली, कडी धरली, वळून बघितलं तर घागर अजून अर्धीबी भरली नव्हती, आन् ती निवांत बसलती, धार बघत.